गंज

आमच्या पडवीत गेली बारा वर्षे एक फटफटी उभी होती. ‘उभी होती’ हे आपले म्हणायचे. खरे तर ती पडवीचाच एक भाग होऊन गेली होती. हँडलला छत्र्या टांगलेल्या, सीटवर गोणपाट वाळत घातलेले, मागच्या कॅरिअरवर कांद्याची पाटी. आमच्या मांजरीने तिच्या आडोशाला दोनदा पिल्ले घातली, तेव्हा ‘निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली’ असे आई म्हणाली होती.

फटफटी येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. १९६१ पासून तिथे जावा गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे त्यांचेच नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. दोन सायलेन्सर आणि एकच दांडी. त्या दांडीने किक मारायची आणि तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे, ही या गाडीची खासियत. बाबांनी ती १९९४ साली जुनीच विकत घेतली. बाबा धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. घर पेणला, नोकरी रोह्याला. पेणहून वडखळ, नागोठणे करीत रोहे चाळीसेक किलोमीटर. आगगाडी आहे; पेण, कासू, नागोठणे, रोहे. पण आगगाडीचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळ्या पाहून कुणी करीत नाही. म्हणून एकोणीस वर्षे बाबा येझदीवरून गेले आणि आले. २०१३ साली कंपनीची बस सुरू झाली, गाडी पडवीत लागली, ती लागलीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा हळूहळू परत आली. उजवा हात आला नाही. ज्या हाताने अर्ध्या सुताचा फरक पाना न लावता सांगितला जाई, तो हात आता मांडीवर ठेवावा लागतो. ठेवावा लागतो म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवावा लागतो.

हे सारे सांगायचे कारण असे की, गेल्या एप्रिलमध्ये भंगारवाला दारावर आला आणि आईने त्याला फटफटी दाखवली. औषधे, व्यायाम करून घेणारे डॉक्टर, पेण-पनवेल फेऱ्या. आईचे काही चुकत नव्हते. भंगारवाल्याने टाकीवर बोटाने टकटक केले, झाकण उघडून आत पाहिले आणि हसला. “आत नुसती माती आहे, बाई. किलोच्या भावाने घेतो.” बाबा खुर्चीत होते. ते काही बोलले नाहीत. भंगारवाला ‘उद्या टेम्पो आणतो’ म्हणून गेला. रात्री जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि दोनच शब्द उच्चारले, “टाकी काढ.”

आता माझी पात्रता सांगायला हवी. मी कला शाखेचा, त्यातून इतिहासाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला आणि आमची दहावी २०२१ सालची, म्हणजे त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. बाबांची इच्छा मी आयटीआय करावे अशी होती. मी ‘आर्ट्‌स’ घेतले तेव्हा ते चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पुढेही त्या विषयावर बोलले नाहीत. पान्याचे नंबर असतात हे मला या एप्रिलपर्यंत माहीत नव्हते.

तर टाकी काढली. सीट, दोन बोल्ट, पेट्रोलची नळी. कॉक गंजून बसला होता. तळातून जे निघाले त्याला पेट्रोल म्हणणे म्हणजे पेट्रोलचा अपमान. जुन्या वॉर्निशसारखा वास, काळा चिकट रस आणि त्यात तांबडा गाळ. मी आत पाहायला काड्यापेटी घेतली तेव्हा बाबा खुर्चीतून जवळजवळ उठलेच. झटक्यानंतर त्यांचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग शांत झाल्यावर त्यांनी तुटक तुटक समजावले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेटते ते पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ. टाकी रिकामी म्हणजे वाफेने भरलेली. आधी साबणाच्या पाण्याने चार वेळा धुवायची, वास जाईपर्यंत. आणि मगच पुढचे. हे वाक्य पुरे करायला त्यांना पाच मिनिटे लागली. मी ते वहीत लिहून घेतले. वर्गात मी इतक्या मन लावून कधी लिहून घेतलेले नाही, हे आमच्या प्राध्यापकांनी वाचले तरी माझी हरकत नाही.

धुतलेल्या टाकीत विजेरीचा झोत सोडला. आत लेण्यातल्यासारखा अंधार आणि भिंतींवर तांबडे पोपडे. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज धरतो. मीठ असेल तर तो धावत येतो. आमच्या पेणला तिन्हींची कमतरता नाही. पावसाळा आहेच आणि वारा येतो तो खाडीवरून, मिठागरांवरून. दाराच्या कड्या, खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या. खारेपाटातल्या माणसाला गंज हा घरातलाच एक वडीलधारा वाटतो. आणि गंज ही गोष्ट लोखंडाहून जास्त जागा खाते. ती फुगते, सुटते, पोपडा पडतो, खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तेच. तांब्यावरचा कळकट थर तांब्याला सांभाळतो. लोखंडाचा गंज लोखंडाला सांभाळत नाही.

इतिहासाच्या तासाला सरांनी दिल्लीतल्या मेहरौलीच्या लोहस्तंभाविषयी सांगितले होते. सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आणि जवळजवळ न गंजलेला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षण करणारा पातळ थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी दाखवले. मी हे बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, “आपली टाकी दिल्लीची नाही. नट आण.”

नट म्हणजे खरेच नट. टाकीत मूठमूठ नट-बोल्ट टाकायचे, झाकण बंद करायचे आणि टाकी हलवायची, म्हणजे सुटे पोपडे झडतात. बाबांनी सांगितले, “मोजून टाक.” मी चाळीस टाकले. टाकी जुन्या गोधडीत गुंडाळली आणि अंगणात मांडीवर घेऊन तासभर घुसळली. शेजारच्या काकू ‘ताक झाले का रे?’ म्हणून विचारून गेल्या. नट बाहेर काढले ते एकोणचाळीस. एक नट त्या टाकीच्या पोटात कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसला होता कोण जाणे! दोन तास टाकी उलटी, पालथी, आडवी. शेवटी सापडला तो गोधडीत. माझी मोजणी चुकली नव्हती, गोधडी फाटकी होती. बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचे हसणे एका बाजूने येते, पण आले.

आतापर्यंत सारे ठीक चालले होते. इथून पुढची गोष्ट माझ्या उतावीळपणाची.

झडायचे तेवढे झडले, तरी चिकटलेला गंज राहिलाच. बाबा म्हणाले, लिंबूसत्त्व आण. वाण्याकडे मिळते ते सायट्रिक ॲसिड. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो, एक रात्र, एक दिवस. मध्ये मध्ये पाहायचे. हे आम्ल गंज खाते, लोखंडाला फारसे दुखवत नाही. पण मला घाई होती. भंगारवाला ‘उद्या’ म्हणाला होता, त्याला आठवडा झाला होता आणि आई रोज रस्त्याकडे पाहत होती. मला एका मित्राने सांगितले, फरशी धुवायचे ॲसिड घाल, तासात चकचकीत. मी बाबांना न विचारता संध्याकाळी ते घातले. तासाभराने काढायचे, ते आयपीएलची मॅच पाहता पाहता विसरलो आणि झोपलो.

सकाळी अंगणात पिवळट डाग पसरला होता आणि टाकीच्या खालच्या शिवणीजवळ दोन ठिकाणी थेंब लागला होता. दोन भोके. टाचणी जाईल एवढी, पण भोकेच. फरशीचे ॲसिड गंज आणि लोखंड यांत भेद करीत नाही.

मी टाकी घेऊन बाबांसमोर उभा राहिलो. बाबांनी डाव्या हाताचे बोट त्या दोन्ही जागांवरून फिरवले. मी वाट पाहत होतो ती ओरडण्याची. ते म्हणाले, “भोकं ॲसिडनं पाडली नाहीत. दाखवली. ती आधीच होती. गंजच बूच होऊन बसला होता.”

त्या वाक्याने मला काय झाले हे नीट सांगता येणार नाही. पण अकरा वर्षे जे मी कुणाला सांगितले नव्हते ते मी तिथेच सांगून टाकले.

मला लहानपणी पेट्रोलचा वास फार आवडे. २०१४ साली मी चौथीत होतो. शाळेतून आलो की कुणी नसताना येझदीच्या टाकीचे झाकण उघडायचे, नाक लावायचे आणि वास घ्यायचा. एके दिवशी आई आली म्हणून मी घाईने पळालो आणि झाकण नुसते वर ठेवले, फिरवले नाही. ते कधी घरंगळून खाली पडले कळले नाही. त्या पावसाळ्यात पडवीची दोन कौले सरकली होती आणि धार नेमकी टाकीवर पडत होती. गणपतीत साफसफाई करताना बाबांना झाकण सीटखाली सापडले. ते म्हणाले, “कौलं वेळेवर बसवली नाहीत, हे माझंच चुकलं.” मी तिथेच उभा होतो. मी गप्प राहिलो. त्या दिवसापासून ती गाडी बंद आहे, पुन्हा सुरू होणार नाही, आणि ती मी मारली, एवढे मला पक्के ठाऊक होते. ‘आर्ट्‌स’ घेताना बाबा बोलले नाहीत तेव्हाही मला वाटले, यांना ते झाकण आठवत असणार.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “झाकण तू टाकलंस. खरं. पण टाकी मी रिकामी ठेवली होती.”

मला अर्थ कळला नाही. त्यांनी सावकाश सांगितले. गाडी उभी करायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची, नाहीतर पुरती कोरडी करून आत तेल फिरवायचे. अर्धी रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा तापते, हवा बाहेर. रात्री गार होते, दमट हवा आत. ते दव आतल्या पत्र्यावर धरते आणि खाली जाऊन बसते, कारण पाणी पेट्रोलहून जड. “एक वर्ष तशी ठेवली होती, तुझ्या झाकणाच्या आधी. फिटर होतो मी. मला माहीत होतं. बसनं जायची सवय झाली, कंटाळा केला.” आणि शेवटी: “निम्मी तुझी, निम्मी माझी. सोडा आण, धुऊन टाक.”

खाण्याच्या सोड्याने टाकी धुतली. सोडा ॲसिड मारतो, हे मात्र शाळेत शिकल्याचे आठवले.

भोके बुजवायला मी टाकी पिशवीत घालून सकाळच्या आगगाडीने रोह्याला गेलो. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे मेस्त्री आहेत. आता नव्या गाड्यांना डाग देण्याजोगे काही उरले नाही, म्हणून ते बहुधा बसूनच असतात. त्यांनी टाकी हुंगली, पुन्हा एकदा धुतली, भोके वर येतील अशी आडवी करून भोकांच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरली. “रिकामी जागा जेवढी कमी, तेवढं आपलं आयुष्य जास्त.” बाहेरचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, तापलेली कैया नवसागरावर घासली, पत्र्याची दोन छोटी ठिगळे लावून कथलाचा डाग दिला. वेल्डिंग का नाही, असे मी विचारले. एवढ्या पातळ, खाल्लेल्या पत्र्याला वेल्डिंगची धग लागली तर दोन भोकांची चार होतात, असे उत्तर मिळाले. पैसे विचारले तेव्हा त्यांनी बाबांच्या हाताची चौकशी केली आणि विषय बदलला. परतीच्या गाडीला वेळ होता. मी पिशवी घेऊन कुंडलिकेच्या काठावर बसलो. एकोणीस वर्षे बाबा रोज या गावात येत होते आणि मी इथे, त्यांच्या कामाच्या गावी, कामासाठी पहिल्यांदाच आलो होतो.

मग लिंबूसत्त्व. कोमट पाण्यासाठी मी स्वयंपाकघरातले मोठे भांडे उचलले. दुपारी आईचा आवाज आला, “माझा गंज कुठे गेला?” मी म्हणालो, “एक गंज काढायला दुसरा नेलाय.” आईला हसू आले. आणि मला वाटते, भंगारवाल्याच्या टेम्पोचा प्रश्न त्याच दिवशी मिटला. दुसऱ्या दिवशी पाणी हिरवट पिवळे झाले होते आणि आत पत्रा करडा, स्वच्छ, नवा कोरा दिसत होता. मी टाकी धुऊन अंगणात उन्हात ठेवली आणि आंघोळीला गेलो.

पण ऊन कुठे होते? २०२५ सालचा मे महिना कोकणात कुणी विसरणार नाही. विसाव्या तारखेपासून पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईतही दाखल झाला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. मी डोके पुसत बाहेर येतो तो आभाळ भरलेले आणि टाकीच्या आत केशरी पावडर! तासाभरात. नुकत्याच धुतलेल्या उघड्या लोखंडाइतके दुबळे काही नसते, हे मला तेव्हा कळले. जुना गंज गेला म्हणजे लोखंड वाचले असे नव्हे; त्याला ताबडतोब काहीतरी पांघरूण हवे.

पुन्हा लिंबूसत्त्व, पुन्हा सोडा. या वेळी शेवटचे पाणी कढत घेतले, म्हणजे पत्रा तापतो आणि पाणी आपोआप उडते. ओली टाकी चादरीत गुंडाळून मी भर पावसात रिक्षाने हमरापूरला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. तिथे मूर्ती रंगवायचा काँप्रेसर आहे. त्या दिवसांत कारखान्यात एकीकडे मूर्ती वाळत नाहीत म्हणून रड आणि दुसरीकडे प्लास्टरच्या मूर्तींचे काय होणार याची धाकधूक. प्रकरण उच्च न्यायालयात होते, मूर्ती घडवायला परवानगी मिळाली ती ९ जूनला. अशा गडबडीत मी टाकी पुढे केली. बाबांनी फोनवरून मामाला बजावले होते, “आधी काँप्रेसरच्या तळातलं पाणी काढ. नाहीतर हवेतनं पाणीच मारशील.” मामाने कळ फिरवली, खरेच, वाटीभर पाणी निघाले. दहा मिनिटे कोरडी हवा, लगेच टू-स्ट्रोकचे तेल, टाकी चारी बाजूंनी फिरवली. आत काळसर, तुकतुकीत ओल. गंज आता बाहेर थांबला होता.

रंगही तिथेच झाला. गणपतीचा रंग पेट्रोलला टिकत नाही, म्हणून मामाने गाडीचा मरून रंग आणला आणि गणपतीच्याच स्प्रेगनने मारला. बाजूची सोनेरी रेघ मात्र हाताने. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या दादांनी कुंचला घेतला, श्वास रोखला आणि एका दमात ओढली. त्या शेडमध्ये शे-दीडशे गणपतींच्या रांगेत आमची टाकी वाळत होती. एका गिऱ्हाइकाने ‘हा कुठला देखावा?’ असेही विचारले.

पुढे इंजिन, कार्बोरेटर, वायरी यांना चार महिने लागले. ती कथा इथे सांगत नाही. संपादकांनी पाने मोजून दिली आहेत. एकच सांगतो. पंपावर आता मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणजे ‘टाकी भरून ठेवावी’ हा बाबांचा जुना नियम आता जसाच्या तसा चालत नाही. फार दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून तेल फिरवणेच बरे. हे मी कुठेसे वाचून त्यांना सांगितले. मला वाटले, मेहरौलीसारखे उत्तर मिळेल. ते विचार करून म्हणाले, “वहीत लिही.”

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, आईने फटफटीला झेंडूचा हार घातला. सोळाव्या किकला ती धरली. पडवीभर निळा धूर आणि तो दोन सायलेन्सरचा आवाज. बाबा खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात वर केला. मला वाटले शाबासकी. ते म्हणाले, “बंद कर. आयडलिंग वर आहे.”

गाडी अजून रस्त्यावर आणलेली नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आरटीओचे कार्यालय आमच्या पेणलाच आहे, कागद दिले आहेत, चकरा चालू आहेत. मिळाले की रोह्याला जायचे ठरले आहे. बाबांना मागे बसवता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचे आहे. मला वाटते, ते नाहीच म्हणतील. तसे झाले तर बाबा आगगाडीने येतील आणि मी गाडीवरून.

तोवर दर रविवारी मी टाकी उघडून विजेरीने आत पाहतो. वासही घेतो, खोटे कशाला बोलू! मग झाकण लावतो, फिरवतो, आणि लागले की नाही ते पुन्हा एकदा पाहतो.

— तृतीय वर्ष कला